तळघरातला पुकारा

ही गोष्ट खरी आहे.

रचलेली असती, तर मी त्यात स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता. तेवढी अक्कल मला आहे.

आणि आधीच सांगून टाकतो, रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. पार्किंगमधल्या बर्फावरून ते डोळ्यांत घुसत होतं. जागा म्हणाल तर न्यू जर्सीतलं पार्सिपनी, आमच्या ऑफिसचं तळघर.

भुतं रात्रीच येतात हे ज्यानं सांगितलं, त्याच्याकडे बहुतेक कधी भूत आलंच नसेल.

मी राकेश. मूळचा नागपूरचा. माझे बाबा, जगन्नाथ, जिल्हा कोर्टात पट्टेवाले होते. कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारायची, हे त्यांचं काम. "अमुक वल्द तमुक, हाजिर हो!" असं तीनदा. वल्द म्हणजे तमुकचा मुलगा. सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायचो आणि बाकावर बसून ऐकायचो. तीनदा पुकारून कोणी आलं नाही तर काय व्हायचं, तेही मला पाठ होतं.

पुढची तारीख मिळायची. दुसरं काही नाही.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

आमची कंपनी जुनी कागदपत्रं स्कॅन करते आणि ते जुनं हस्ताक्षर वाचायला कॉम्प्युटरला शिकवते. मागच्या वर्षी एका लायब्ररीनं एक मोठं गाठोडं पाठवलं. स्कॉटलंडमधल्या फौजदारी कोर्टाचे कागद होते, साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. कुठल्यातरी कुटुंबानं अमेरिकेत येताना सोबत आणलेले आणि पुढे कोणीतरी दान केलेले. अक्षर असं, की डॉक्टरची चिठ्ठी बरी.

ते अक्षर आमच्यात एकटीच नीट वाचू शकायची. उपासना.

उपासना नागपुरातल्याच इंदोऱ्याची. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर तिचं घर, पण ओळख झाली ती इथे, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात. मला दादा म्हणायची. ही नोकरी मीच तिला सुचवली होती. माझी बायको सुचित्रा तर तिच्यासाठी दर रविवारी डबा भरून ठेवायची.

लंचला उपासना त्या खटल्यांच्या गोष्टी सांगायची. टीममध्ये सगळ्यांना कळावं म्हणून तिनं जुन्या शब्दांची एक शीट बनवली होती. इंग्लिश अर्थाच्या पुढे एक कॉलम मराठीत, खास माझ्यासाठी. मी तो कधी उघडून पाहिला नव्हता.

"दादा, ही बाई बघा," एकदा ती म्हणाली. "आयझोबेल. घरकाम करायची. चांदीची वाटी चोरली म्हणून केस. आणि पुरावा काय माहितीये?"

"काय?"

"सगळे म्हणतात की ही चोर आहे. बस. गावात नाव खराब असणं, दॅट इज द एव्हिडन्स. आणि ज्युरी कोण? पंधरा माणसं, त्याच भागातली."

"म्हणजे आपल्या बिल्डिंगचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप," मी म्हणालो.

ती खळखळून हसली. मग म्हणाली, "पण तिच्या बाजूनं बोलणारा एक माणूस होता यार. ज्यानं बघितलं होतं असा. पुढच्या पानावर येईल त्याचं नाव. उद्या स्कॅन करते."

ते पुढचं पान तिला कधीच मिळालं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते सांगतो. सरळ लिहितो, आडवळण नको.

त्या संध्याकाळी पाचच्या सुमारास मी चार्जर आणायला तळघरातल्या स्कॅनिंग रूममध्ये गेलो. तिथे खाण्यापिण्याची वस्तू न्यायला सक्त मनाई आहे. आमचे मॅनेजर गुरुनाथ सर आत उभे होते. टेबलावर कॉफीचा कप आडवा झाला होता. ते पान, आयझोबेलचं पुढचं पान, कॉफीनं पार भिजलं होतं. सर ते टिश्यूनं पुसत होते आणि शाई टिश्यूवर येत होती. मग त्यांनी ते पान उचललं आणि कोपऱ्यातल्या श्रेडरमध्ये घातलं.

माझ्या डोळ्यांदेखत.

वळले तर दारात मी.

मग त्यांनी हात पुसले आणि एकदम प्रेमानं म्हणाले, "राकेश, तुझी ग्रीन कार्डची फाइल मी याच आठवड्यात पुढे पाठवतोय. बरीच वर्षं वाट बघितलीस तू."

मी म्हणालो, "थँक्यू, सर."

हो. असंच म्हणालो. थँक्यू.

आठवडाभरात पान गायब असल्याचं लायब्ररीला कळलं. रूमच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी शेवटचं नाव उपासनाचं होतं. सरांनी सही केलीच नव्हती. असे कागद बाहेर विकले जातात म्हणे. मग सुरू झालं. मायक्रोवेव्हपाशी कोणीतरी म्हणालं, "मला तर आधीपासूनच डाऊट होता." दुसऱ्याला आठवलं की त्याचा पेनड्राइव्ह हरवला होता. गुरुनाथ सर मान हलवत म्हणाले, "वाईट वाटतं. पण बॅकग्राउंड बघून घ्यायला हवं होतं आपण."

बॅकग्राउंड. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी मायक्रोवेव्हमध्ये फिरणारा डबा बघत राहिलो.

उपासनानं मला विचारलं. त्या संध्याकाळी खालून वर येताना तिनं मला पाहिलं होतं. "दादा, तुम्ही खाली गेला होतात ना? तुम्ही काही बघितलं का? माझी नोकरी गेली तर मला साठ दिवसांत देश सोडावा लागेल. आणि चोर म्हणून काढलं तर दुसरी कोण देणार?"

"बघू," मी म्हणालो. "तू टेन्शन घेऊ नको."

तिनं एचआरला साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. शुक्रवारी अकरा वाजता तिची चौकशी व्हिडिओवर होती. मला मेल आला: अकरा ते साडेअकराच्या मध्ये आम्ही तुम्हाला कॉल करू, उपलब्ध राहा.

त्या आठवड्यात तळघरात विचित्र प्रकार सुरू झाले.

मंगळवारी मी एकटाच स्कॅन करत होतो. मागून कोणीतरी खोकललं. मी वळलो. कोणी नव्हतं. पुन्हा स्कॅनरकडे वळलो तर... दुसऱ्या बाजूनं दुसरं कोणी खोकललं. मग तिसरं. मोठ्या माणसांची गर्दी बाकांवर बसून कंटाळली की जसा घसा खाकरते, तसं.

हीटरचा पाइप असेल, असं म्हणालो.

बुधवारी वास आला. ओल्या लोकरीचा आणि कसल्यातरी धुराचा. मी स्मोक अलार्मकडे बघितलं. हिरवा दिवा शांतपणे चालू होता.

गुरुवारी जरा जास्त झालं. गायब पानाच्या जागी रिवाज म्हणून एक कोरा कागद स्कॅन करतात, म्हणजे पानांचा क्रम चुकत नाही. मी तो केला. कॉम्प्युटरनं त्या कोऱ्या कागदावर मजकूर वाचला...

एकच ओळ. जुन्या इंग्लिशमध्ये. पुन्हा स्कॅन केलं, पुन्हा तीच ओळ. तिचा अर्थ साधारण असा होता: दारात हाक मारण्यात यावी.

मी फाइल डिलीट केली. घरी जाऊन सुचित्राला काही सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

मग शुक्रवार उजाडला.

खरं सांगतो, सकाळी आंघोळ करताना माझं ठरलं होतं, सगळं बोलून टाकायचं. ऑफिसला पोहोचेपर्यंत निम्मं ठरलं होतं. दहा पन्नासला गुरुनाथ सर माझ्या डेस्कपाशी थांबले, खांद्यावर हात ठेवला आणि नुसते हसले. हात गेला आणि माझं ठरलेलंही गेलं.

तळघरात फोनला सिग्नल नसतो.

म्हणूनच मी तिथे गेलो. दार आतून लावून घेतलं. उद्या म्हणेन की काम करत होतो, कॉल लागला नाही. एचआर दुसरी वेळ देईल. आज नाही तर पुढच्या आठवड्यात, फाइल पुढे गेल्यावर, मी सगळं सांगेन. पट्टेवाल्याचा मुलगा मी. पुढची तारीख मिळतेच, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली.

स्कॅनर बंद होता. हीटर बंद होता. इतकी शांतता, की माझ्याच मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

मग लक्षात आलं... माझं घड्याळ डिजिटल आहे.

ती टिकटिक नव्हती. पाण्याचा आवाज होता. कुठेतरी थेंब थेंब पडत होतं.

खोकले सुरू झाले. या वेळी खूप. मी मोजले नाहीत, पण बाक करकरल्याचा आवाज आला, जसे सगळे एकदम नीट सावरून बसले. मी भिंतीला पाठ लावली. समोर रिकामी खोली. पांढरे ट्यूबलाइट. कोऱ्या कागदांची रीम.

आणि दाराबाहेरून हाक आली...

"राकेश... वल्द... जगन्नाथ..."

उच्चार परदेशी होता. जिभेला न पेलणारं नाव कोणी एकेक अक्षर वाचावं तसा. पण वल्द! अमेरिकेत हा शब्द कोणाला ठाऊक आहे? माझ्या पासपोर्टवरसुद्धा तो नाही.

मी श्वास रोखला.

दाराखालच्या फटीतून प्रकाश येतो. कोणी बाहेर उभं असलं तर सावली पडते. सावली नव्हती.

"राकेश वल्द जगन्नाथ..."

दुसरी हाक स्पष्ट होती. आणि जवळून. माझं तोंड उघडलं. "आहे," एवढंच म्हणायचं होतं. "हजर." दार उघडायचं, जिना चढायचा, फोनला सिग्नल मिळवायचा. दोन मिनिटांचं काम. वर एक मुलगी कॅमेऱ्यासमोर एकटी बसली होती आणि मी येईन असं तिला अजूनही वाटत होतं.

मी तोंड मिटलं.

तिसरी हाक...

तिसरी हाक बाबांच्या आवाजात आली.

तोच शेवटचा शब्द लांबवायचा हेल. तीच घोगरी धार, जी दिवसभर नावं ओरडून त्यांच्या गळ्याला आली होती. "राकेश वल्द जगन्नाथ, हाजिर हो..." स्वतःचंच नाव घेताना ते किंचित अडखळले. असं मला वाटलं.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना पुकारलं होतं.

मला रडू फुटलं. तरी मी हललो नाही. सहा वर्षांनी बापाचा आवाज ऐकला आणि मी स्टीलच्या कपाटामागे लपलो. असा मी.

हाक थांबली. पावलं मागे गेली.

संपलं, असं मला वाटलं. गैरहजर लिहितील आणि तारीख देतील.

पण मग शिंग वाजलं.

आपल्याकडे लग्नात, मिरवणुकीत तुतारी वाजते, तसं मंगल नाही. गुरानं हंबरडा फोडावा तसा सपाट, कुरूप आवाज. एकदा. खोलीतले दिवे थरथरले. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो माझ्या छातीतूनच आला असं वाटलं.

त्यानंतर सगळं गेलं. खोकले नाहीत, थेंब नाहीत, वास नाही. आत आधीपेक्षाही जास्त शांत झालं होतं.

मी वर आलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. उपासनाचा डेस्क रिकामा करायला सिक्युरिटीचा माणूस उभा होता. ती एका खोक्यात कप, चार्जर आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो ठेवत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

एचआरच्या बाईंनी मेल केला होता: तुम्हाला तीन वेळा कॉल केला, तुम्ही उचलला नाही, त्यामुळे चौकशी पूर्ण करण्यात आली आहे. माझ्या फोनवर एकही मिस्ड कॉल नव्हता. आजही नाही.

पुढची तारीख वगैरे काही नव्हती.

पंचावन्नाव्या दिवशी उपासना नागपूरला परत गेली.

ती गेली त्या दुपारी मी पहिल्यांदा तिची शीट उघडली. माझा कॉलम. शिंग शोधलं. तिनं लिहिलं होतं: "दादा, हे इंटरेस्टिंग आहे. तिथे खटला एका बैठकीत संपवायचे, आपल्यासारखं तारीख पे तारीख नाही. साक्षीदार आला नाही तर त्याला दंड, मॅटर क्लोज. पण आरोपी तीनदा हाक मारूनही आला नाही, तर भर चौकात त्याच्या नावानं तीनदा शिंग फुंकायचे. मग तो कायद्याच्या बाहेर. त्याला कोणी आसरा द्यायचा नाही. त्याचं म्हणणं कुठल्याच कोर्टात ऐकलं जायचं नाही."

मी ते चार वेळा वाचलं.

साक्षीदाराला दंड. शिंग आरोपीला.

मला वाटत होतं की मला साक्षीला बोलावलंय.

माझी फाइल पुढे गेली. सगळं व्यवस्थित झालं. पण मला झोप लागेना. तेव्हा उशिरा का होईना, बोलायचं ठरवलं. ग्रीन कार्ड गेलं चुलीत.

एचआरला फोन लावला. इकडचं तिकडचं बाईंना छान ऐकू आलं. मुद्द्यावर आलो, आणि त्या म्हणाल्या, "हॅलो? आवाज तुटतोय." पाच वेळा सांगितलं. पाचही वेळा त्याच वाक्याला. मेल लिहिला, तर उत्तर आलं: तुमचा मेल मिळाला, पण त्यात मजकूर नाही.

सुचित्राला सांगितलं. स्वयंपाकघरात, समोरासमोर उभं राहून. ती पोळी लाटता लाटता थांबली आणि वाट बघत राहिली.

"बोल ना," ती म्हणाली.

"बोललो की आत्ता!"

"कधी? तू मघापासून नुसता उभा आहेस, राकेश. बरं वाटत नाहीये का तुला?"

शेवटी नागपूरला फोन केला. उपासनानं उचलला. अजून नोकरी नव्हती. तिकडेही बातमी पोहोचली होती, अमेरिकेत चोरी केली म्हणून काढलं. आईला मोहल्ल्यात लोक विचारतात, म्हणाली. मी सगळं सांगितलं. कॉफी, पान, श्रेडर, थँक्यू, कपाट. रडत सांगितलं. दहा मिनिटं तरी बोलत असेन.

"दादा?" ती म्हणाली. "दादा, तुम्ही आहात का लाइनवर? काही ऐकू येत नाहीये."

"उपासना, मी..."

"तुम्ही तेव्हाही काही बोलला नाहीत," ती म्हणाली. आवाज न चढवता. "जाऊ द्या. जय भीम."

आणि फोन ठेवला. तिनं पुन्हा कधी उचलला नाही.

म्हणून हे लिहून काढलं. म्हटलं, तुमच्यासारखे अनोळखी हजारो लोक वाचतील, एवढ्या सगळ्यांचे डोळे कोण झाकणार? पाठवण्याआधी काल दुपारी सुचित्राला वाचायला दिलं. तिनं लॅपटॉप मांडीवर घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मध्ये एकदा डोळे पुसले, बाबांच्या हाकेपाशी.

"अंगावर काटा आला," ती म्हणाली. "पण त्या पानाचं काय झालं? कोणी घेतलं ते लिहिलंच नाहीस. बिचारीवर आळ तसाच राहिला."

मी तिला तो भाग उघडून दिला. गुरुनाथ सर, कॉफी, श्रेडर. त्या ओळीवर बोट ठेवलं.

सुचित्रा माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"इथे तर नुसती जागा सोडली आहेस," ती म्हणाली.

मी पुन्हा लिहिलं. आज पुन्हा. त्याच जागी आहे, मला दिसतंय. तुमच्यापैकी एकाला जरी ते वाचता आलं असेल, तर मला सांगू नका.

इंदोऱ्यात तिच्या आईला सांगा.